हाराचा दोरा नव्हता, अक्का

अक्का, तुझ्या फोटोला हार घालायला मी नाही म्हटलं. तेराव्याला जमलेले सगळे माझ्याकडे बघत राहिले. भाऊजींनी हार माझ्या हातात दिला होता, तो मी खुर्चीवर ठेवला आणि बाहेर जाऊन मोटारसायकलला टेकून उभा राहिलो. आत आत्या म्हणाली, सख्खा भाऊ असून असं कुणी वागतं का. म्हणू दे. मी तुझ्यावर चिडलोय, आणि हे लिहायला बसलोय तेही चिडूनच. पेपरवाल्याला तुझी माहिती हवी होती. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, किती मुलींना पोहायला शिकवलं. तो कागद मी कोराच परत पाठवला. ते सगळं ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मला तुझ्याशी बोलायचंय.

पहिला राग त्या मशीनचा. उन्हाळ्यात धरणावर सहलीला आलेला एक माणूस तुझ्या डोळ्यांदेखत बुडाला. सरकारी बोट काठाला साखळीने बांधलेली होती आणि कुलपाची किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गावात गेला होता. तू तेव्हा पलीकडच्या काठावर मुलींना पोहायला शिकवत होतीस. तू धावत येईपर्यंत संपलं होतं. त्यानंतर तू अर्ज दिलेस, धरणाच्या साहेबाच्या टेबलासमोर जाऊन बसलीस, आणि शेवटी कंटाळून कोकणातल्या एका बंद पडलेल्या बोटिंगवाल्याकडून जुनी वॉटर स्कूटर उचलून आणलीस. पहूरच्या घरी नाही नेलीस. टेम्पो थेट फैजपूरला माझ्या गॅरेजसमोर उभा केलास.

माझं गॅरेज म्हणजे ट्रॅक्टर, केळीवर फवारणीचे पंप आणि डिझेल इंजिनं. पाण्यावर पळणारी स्कूटर मी फक्त मोबाइलवर बघितलेली. सीट फाटलेली, रंग उडालेला, आतल्या नळ्या कडक होऊन तडकलेल्या. तू टेम्पोच्या फाळक्यावर बसून विचारलंस, "सुन्या, हाई चालई का?"

मी म्हणालो, "भंगारात जाईल."

"चालई का ते सांग."

आपण दोघं धुळ्याकडच्या एकाच घरात वाढलो. लग्न होऊन तू इकडे आलीस, मी तुझ्या मागे आलो. तुझी अहिराणी कधी गेली नाही. जलतरण तलावावर वीस मुली रांगेत उभ्या असल्या की तू शिट्टी मारून शुद्ध मराठीत ओरडायचीस, आणि माझ्याशी बोलताना लगेच गावची व्हायचीस. मी मात्र चिडलो की मला पेपरातली मराठी सुचते. तू त्यावर हसायचीस. त्या दिवशीही हसलीस. मी म्हणालो होतो, "हे यंत्र माझ्या कामाच्या कक्षेत येत नाही." तू म्हणालीस, "आते ई गयं. ले, उतार."

मी ते उतरवलं. तिथेच मला नाही म्हणता आलं असतं.

महिनाभर त्यावर काम केलं. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, बॅटरीची हिरवी पडलेली टोकं घासली, तडकलेल्या सगळ्या पेट्रोलच्या नळ्या काढून नव्या टाकल्या. मशीनच्या पोटाखाली पाणी ओढणारी जाळी असते, तिच्यात अडकलेला जुना काथ्या काढला. पहूरला सीट कव्हर शिवणारे रशीदभाई फैजपूरला येऊन माप घेऊन गेले आणि जाड काळ्या कापडाची सीट शिवून दिली. पाण्याचा पाइप जोडून मी ती गॅरेजमध्ये चालू केली. आधी इंजिन, मग पाणी. उलट केलं तर पाणी इंजिनात जातं, एवढं मी शिकलो होतो. टाकीत नरसाळं खोचलेलं होतं, झाकण उघडं होतं, मी पेट्रोल ओतत होतो आणि इंजिन छान गात होतं. दोन-तीन मिनिटं चालवलं, बंद केलं, पुन्हा चालवलं. एकदाही थांबलं नाही. झाकण उघडं होतं हे लक्षात ठेव, अक्का. माझ्या लक्षात ते नंतर आलं.

श्रावणात तुझा पहिला फोन आला. पाण्याच्या मधोमध मशीन अचानक बंद पडली. आधी धडधड नाही, धूर नाही, वीस मिनिटं जोरात पळाली आणि एकदम मेल्यासारखी शांत झाली. थोडा वेळ थांबून तू परत चालू केलीस, चालू झाली.

मी म्हणालो, "मनगटाची लाल दोरी ओढली गेली असेल. चालवणारा पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून ती असते. तू नीट अडकवत नसशील."

आठ दिवसांनी दुसरा फोन. मी म्हणालो, जाळीत शेवाळ गेलं असेल. तू म्हणालीस, हात घालून बघितलं, जाळी साफ आहे. मी म्हणालो, पेट्रोलात पाणी असेल, कुठल्या पंपावर भरतेस? तू पंप बदललास. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. या वेळी तू मशीन टेम्पोत टाकून फैजपूरला आलीस. गणपती बसायला आठवडा होता.

ते भांडण माझ्या कानातून जात नाही. गॅरेजमध्ये एक ट्रॅक्टर उघडा पडला होता, त्याचा मालक डोक्यावर उभा, आणि तू हात कमरेवर ठेवून माझ्यासमोर.

"मशीन बिमार नही, सुन्या. उपाशी शे," तू म्हणालीस. "टाकीनं झाकण उघाडं की फुस्स करस. मंग चालू व्हस. दर खेपे."

"पेट्रोलची वाफ असते, अक्का. उन्हात कुठलीही टाकी फुस्स करते."

"वाफ भाईर येस. हाई मजार ओढस."

"आत कशाला ओढेल? तू कधीपासून मेकॅनिक झालीस?"

ट्रॅक्टरवाला हसला. त्याच्यासमोर मला हार जायचं नव्हतं. मी मशीनला पाइप लावला, नरसाळं खोचलं, चालू केली. चालली. तुझ्याकडे बघून म्हणालो, "यंत्रात दोष नाही. दोष चालवणारीत आहे. तुला पोहता येतं तेवढं पुरे, इंजिन मला कळतं."

तू मशीन टेम्पोत चढवलीस. जाताना डब्यातली कळण्याची धिरडी माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. मला ते आठवलं की त्या डब्याचा राग येतो. अशा वेळी माणसाने दार आपटून जावं. तू का नाही आपटलंस? तू वीस मुलींना शिट्टी मारून पाण्यातून बाहेर काढायचीस, पालकांना खडसावायचीस, त्या साहेबाला त्याच्या खुर्चीवरून उठवलं होतंस. माझ्यासमोरच तुझा आवाज का बसला? मला एकदा खडसावलं असतंस, तर मी तो पाइप काढून, झाकण लावून, अर्धा तास मशीन पाण्यावर फिरवून बघितली असती. कदाचित. नसती बघितली तरी तू खडसावायला हवं होतंस.

मग विसर्जन. त्या दिवशी मी धरणावर नव्हतो. जे सांगतोय ते रशीदभाईंकडून ऐकलेलं. ते आपल्या शिवलेल्या सीटवर तुला बसलेलं बघायला मुद्दाम आले होते.

दुपारचे चार. काठावर ट्रॅक्टर, गुलाल, ढोल. एका मंडळाचे लोक मूर्ती घेऊन सांगितलेल्या जागेच्या पुढे गेले. तू मशीनवरून भोंग्यात ओरडत होतीस, मागे फिरा. पंधरा-वीस मिनिटं तू त्या काठाला इकडून तिकडे फेऱ्या मारत होतीस. पुढे गेलेल्यांतला एक पस्तिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, पाय निसटून खोल पाण्यात गेला आणि वाहत आत गेला. सरकारी बोट त्या दिवशीही साखळीलाच होती. तू मशीन त्याच्याकडे वळवलीस, पूर्ण जोर दिलास, आणि त्याच्यापासून वीस-पंचवीस हातांवर मशीन बंद पडली.

तुला उपाय माहीत होता. झाकण उघडायचं, फुस्स होऊ द्यायचं, थांबायचं, बटण दाबायचं. त्याला अर्धा मिनिट लागलं असतं, कदाचित जास्त. तो माणूस दोनदा खाली गेला होता. तू उडी मारलीस. पोहत त्याच्यापर्यंत गेलीस आणि स्वतःचं जॅकेट काढून त्याच्या अंगात अडकवलंस. अक्का, अठ्ठावन्न वर्षांची बाई तू. जॅकेट काढू नये हे तू स्वतः मुलींकडून घोकून घ्यायचीस. तोवर वाऱ्याने मशीन लांब नेली होती, धरायला काही नव्हतं. तो घाबरून तुझ्या गळ्याला मिठी मारत होता, तुला खाली दाबत होता, आणि तू त्याला मागून धरून काठापर्यंत ओढत आणलंस. रशीदभाई छातीइतक्या पाण्यात शिरले आणि त्यांनी दोघांना बाहेर घेतलं. तू गुलालाचं, मातीचं ते पाणी किती प्यायलीस कुणास ठाऊक.

संध्याकाळी मला फोन आला तो भाऊजींचा नाही, तुझाच. आवाज घोगरा. "मशीन बंद पडनी व्हती. हारना दोरा अटकना जाळीमा. तू काळजी नको करू."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मी सांगितलं होतं ना, जाळी बघत जा." हेच म्हणालो. तू कशी आहेस हे त्यानंतर विचारलं.

दोन दिवस तू हळदीचं दूध पीत घरात पडून राहिलीस. खोकला, ताप, धाप. भाऊजी म्हणाले जळगावला जाऊ, तू म्हणालीस उद्या बघू. त्या दोन दिवसांचा मला इतका राग आहे की तो कुठे ठेवू कळत नाही. तलावातल्या एखाद्या मुलीच्या नाकात पाणी गेलं तरी तू तिला डॉक्टरकडे पाठवायचीस. डॉक्टर नंतर म्हणाले, घाण पाणी फुप्फुसात गेलं होतं, लगेच आला असतात तर वेगळं बोललो असतो. नवव्या दिवशी तू गेलीस. मी दवाखान्यात तीनदा आलो. तिन्ही वेळा आपण मशीनबद्दल एक शब्द बोललो नाही. शेवटच्या वेळी तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू तो बाजूला करून काही सांगायला लागलीस आणि नर्सने तो परत लावला. मी म्हणालो, राहू दे, बरी झाल्यावर सांग. हाही माझाच शहाणपणा.

तेराव्याला तो माणूस आला होता. बायको, दोन मुलं, हातात नारळ. दारात उभा राहून रडत होता. मी त्याला म्हणालो, आत येऊ नको. भाऊजींनी मला बाजूला केलं आणि त्याला आत नेलं, चहा दिला. त्याच्या धाकट्या मुलीने तुझ्या फोटोला नमस्कार केला. मी बाहेर मोटारसायकलजवळ होतो. रशीदभाई तिथे आले. ते फार बोलणारे नाहीत.

"हार का नाही घातला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हाराच्या दोऱ्यानेच गेली ती. त्याच लोकांनी टाकलेल्या हाराच्या. मला हार बघवत नाही."

त्यांनी मोटारसायकलच्या सीटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सुनील भाऊ, दोरा नव्हता."

मी टेकलेला सरळ झालो.

"मशीन काठाला लागली तेव्हा मीच ओढली. पोटाखाली हात घालून जाळी बघितली. साफ होती. एक पाकळी नव्हती. सरपंच विचारत होते, हिचं काम कुणी केलं, कुठला मेकॅनिक. अक्का खोकत होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, हाराचा दोरा अडकला, मी काढून टाकला. माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग मी कशाला बोलू?"

"आता का बोललात?"

"तुम्ही हारावर राग काढताय म्हणून," रशीदभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन फैजपूरला आणली. गॅरेज बंद ठेवलं. मागच्या हौदात पाणी भरलं, मशीन त्यात उतरवून दोराने बांधली आणि पहिल्यांदाच तिला तशी चालवली जशी तू चालवायचीस. झाकण घट्ट लावून. पहिली दहा मिनिटं काही नाही. पंधरा मिनिटं. मला वाटलं, चला, माझंच बरोबर होतं. आणि मग ती बंद पडली. धडधड नाही, धूर नाही. मी झाकण उघडलं. फुस्स. बाहेर नाही, आत. टाकीने हवा आत ओढली.

उपाशी शे.

मग शोधायला काही राहिलं नव्हतं. टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं तशी तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी टाकीच्या नळीत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, अंगठ्याएवढा. हवा आत येऊ देतो, मशीन उलटली तर पेट्रोल बाहेर जाऊ देत नाही. नव्या नळ्या टाकताना तो मीच काढला होता आणि मीच परत बसवला होता. त्याच्यावरचा बाण झिजलेला होता. बाण दिसत नसेल तर तोंडाने फुंकून बघायचं, कुठून हवा जाते. एवढंच. दोन सेकंदांचं काम. मी तो काढून ओठाला लावला आणि फुंकला. हवा उलट्या बाजूने गेली. मी तो उलटा बसवला होता. वीस मिनिटांत टाकीत पोकळी व्हायची आणि इंजिनाला पेट्रोल मिळेनासं व्हायचं. गॅरेजमध्ये मी दर वेळी झाकण उघडं ठेवूनच चालवली, म्हणून मला ते कधी दिसलं नाही.

तू कोकणातल्या त्या विकणाऱ्याला शिव्या दे म्हणालीस तर देता येणार नाहीत. त्याने दिलेल्या मशीनमध्ये हा दोष नव्हता. तो मी घातला.

मी हौदाच्या काठावर बसलो. मग उठून पाना भिंतीवर फेकला. मग पुन्हा बसलो.

मला एक गोष्ट कळत नाही आणि आता ती कधी कळणार नाही. तुला माहीत होतं का? व्हॉल्व्ह उलटा आहे हे तुला माहीत असणं शक्य नाही, पण दोष माझ्या कामात आहे हे तुला माहीत होतं. म्हणूनच तो दोरा. पाण्यातून बाहेर येऊन, धड श्वास घेता येत नसताना, तुला सुचलं काय, तर सुन्याचं गॅरेज. सुन्याचं नाव. सरपंचासमोर, मंडळवाल्यांसमोर. लहानपणी मी शाळेची काच फोडली होती तेव्हा तू गुरुजींना म्हणालीस की दगड तू मारलास. पाठीवर तुलाच बसलं. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, मला बरं वाटलं होतं. आता मी पन्नास वर्षांचा आहे. मला कुणी विचारलं नाही की मला हे हवंय का.

मला हे नको होतं, अक्का. मला तू दवाखान्यात ओरडायला हवी होतीस. सुन्या, तुझ्यामुळे, असं म्हणायला हवं होतंस. मी रडलो असतो, भांडलो असतो, म्हणालो असतो की नाही, तुझ्या हाताळणीमुळे, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन व्हॉल्व्ह शोधला असता आणि तू मास्कमधून हसली असतीस. एवढा वेळ होता आपल्याकडे. नऊ दिवस. तू ते माझी अब्रू झाकण्यात घालवलेस. मला माफी मागायची सोय ठेवली नाहीस.

आणि तरी, तुझ्यावर चिडताना मध्येच तो माणूस आठवतो. दारात नारळ घेऊन उभा. त्याच्या मुलीच्या केसांना रिबिनी होत्या, दोन रंगांच्या, घाईत बांधलेल्या. तो जिवंत आहे. मशीन बंद पडली, तू पडली नाहीस. हे मला नीट म्हणता येत नाही, म्हणून इथे लिहितो. तू मला हात धरून धुळ्याच्या शाळेत नेलंस, पहिला पाना विकत घेऊन दिलास, आयटीआयचा फॉर्म भरलास. आपल्या घरात कुणी केलं नसतं ते सगळं तू केलंस. तू पाना दिलास त्याच हातांनी मी तुला ही मशीन दिली.

व्हॉल्व्ह सरळ केला. त्याच आठवड्यात रशीदभाईंना बरोबर घेऊन मशीन धरणावर नेली. तुझ्याकडे शिकलेली एक मुलगी, आता स्वतः शिकवते, तिने चालवली. झाकण बंद. मी काठावर घड्याळ घेऊन उभा. पाऊण तास ती पूर्ण जोरात फिरली. थांबली नाही. ती मुलगी परत आली आणि म्हणाली, "काका, छान झाली." मला तिच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. तिचा दोष नव्हता.

संध्याकाळी भाऊजींकडे गेलो. ते अंगणात बसून तुझ्या शिट्ट्या एका डब्यात भरत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, बाण, झाकण, ट्रॅक्टरवाल्यासमोर तुला जे बोललो ते. त्यांनी मान वर केली नाही. डब्याकडे बघतच म्हणाले, "तिने मला दोराच सांगितला होता."

"दोरा नव्हता, भाऊजी."

"कळलं आता." डब्याचं झाकण लावलं आणि आत गेले. चहा आला नाही. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो. त्यानंतर त्यांनी मला फोन केलेला नाही. त्यांनी करावा असं माझं म्हणणं नाही.

काल सकाळी सरपंचांकडे गेलो. त्यांच्या अंगणात मंडळाचे चारपाच जण होते, तो वाचलेला माणूसही होता. सगळ्यांसमोर सांगितलं. गॅरेजचं नाव सांगितलं, माझं नाव सांगितलं, चूक काय होती ते त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. एकजण म्हणाला, जाऊ द्या भाऊ, आता कशाला. मी म्हणालो, जाऊ द्यायचं नाही. आणि ती बोट साखळीला का होती, किल्ली कुणाकडे होती, तुम्ही सांगितलेल्या जागेच्या पुढे का गेलात, हेही आता तुम्ही सांगा. सरपंच मोबाइल बघायला लागले. तो वाचलेला माणूस उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

तू झाकलेलं मी उघडं केलं, अक्का. आज गावात सगळ्यांना माहीत आहे. फैजपूरलाही पोचेल, गिऱ्हाइकं कमी होतील, होऊ देत. तू धापा टाकत सांगितलेली गोष्ट मी महिनाभरात मोडली. तुला याचा राग येईल हे मला माहीत आहे. ये. चिड माझ्यावर. या वेळी धिरडी ठेवून जाऊ नकोस.